न सापडणे म्हणजे नसणे नव्हे

दुपारची वेळ होती. अकरावीतली एक विद्यार्थिनी आमच्या ग्रंथालयात आली आणि तिने संगणकावर 'शेतकऱ्याचा असूड' हे पुस्तकाचे नाव टाइप केले. क्षणात उत्तर आले : ० नोंदी. मुलीने वही मिटली आणि ती निघाली. दाराशी आमचे ग्रंथालय परिचर बसले होते. त्यांना सगळे 'मामा' म्हणतात. त्यांनी सहज विचारले, "काय पाहिजे होतं, बाळ?" नाव ऐकताच ते म्हणाले, "महात्मा फुल्यांचं ना? थांब जरा." आतल्या तिसऱ्या कपाटाच्या खालच्या फळीवरून त्यांनी पुस्तक आणून तिच्या हातात दिले.

खरे सांगायचे, तर आम्हाला त्या क्षणी थोडा आनंदच झाला. सोलापुरात पुस्तकांच्या देवघेवीत आमची बरीच वर्षे गेली आहेत. तालिकेची कार्डे हातांनी लिहिण्यापासून आम्ही सुरुवात केली. ती कार्डे जाऊन संगणक आला आणि "आता पुस्तक एका सेकंदात सापडेल" असे प्रशिक्षणात आम्हाला सांगण्यात आले, तेव्हापासून आमच्या मनात एक संशय होता. आज तो खरा ठरला, असे आम्हाला वाटले.

पण शाळा-महाविद्यालयांशी संबंध असलेल्या माणसाने 'मला वाटलेच होते' एवढ्यावर थांबू नये. यंत्र चुकले, तर ते नेमके कोठे आणि का चुकले, हे पाहायला हवे. आम्ही ते पाहायला बसलो. या शोधात आमचा संशय गेला नाही, पण त्याची जागा बदलली. ती कशी बदलली, हे सांगण्यासाठी हा लेख आहे.

संगणक 'शोधतो' म्हणजे काय करतो?

आपल्याला वाटते, की नाव टाइप केले की संगणक सगळी पुस्तके चाळून पाहतो. तसे काही होत नाही. त्याच्याजवळ पुस्तके नसतात. त्याच्याजवळ असतात त्या कोणीतरी भरलेल्या नोंदी. लेखक, शीर्षक, विषय, प्रकाशक, वर्ष, दाखल क्रमांक असे प्रत्येक नोंदीचे रकाने असतात. अमेरिकेतील लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये हेन्रिएट ॲव्हरम यांनी १९६० नंतरच्या दशकात अशा नोंदींसाठी 'मार्क' नावाचा साचा तयार केला. आज जगभरातील ग्रंथालये वापरतात ती रचना मुख्यतः त्यातूनच आलेली आहे. न्यूझीलंडमधील एका छोट्या सार्वजनिक ग्रंथालयासाठी तयार झालेली आणि जानेवारी २००० मध्ये वापरात आलेली 'कोहा' ही प्रणाली हा साचा वापरते. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. ही प्रणाली सर्वांना विनामूल्य वापरता येते. आपल्याकडे गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राने 'सोल' आणि राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राने 'ई-ग्रंथालय' या प्रणाली तयार केल्या.

या नोंदींवरून संगणक शब्दांची एक मोठी यादी आधीच करून ठेवतो. पाठ्यपुस्तकाच्या शेवटी शब्दसूची असते ना, तशीच : हा शब्द अमुक क्रमांकाच्या नोंदीत आहे. आपण शब्द टाइप केला, की तो या यादीत पाहिला जातो. शब्द यादीत असेल तर त्याच्यापुढच्या नोंदी पडद्यावर येतात. नसेल तर ० नोंदी. त्यामुळेच उत्तर एका सेकंदाच्या आत मिळते.

सोलापूरकरांना ही गोष्ट चादरीच्या मागावरून चटकन समजेल. आपल्याकडची नक्षीची चादर जॅकार्ड मागावर विणली जाते. फ्रान्समधील जोसेफ मारी जॅकार्ड यांनी १८०४ च्या सुमारास हे तंत्र आणले. पुठ्ठ्याच्या पट्टीवर ठरलेल्या जागी छिद्र असेल, तर त्या जागेचा उभा धागा वर उचलला जातो. छिद्र नसेल तर उचलला जात नाही. छिद्र पाडणाऱ्याच्या मनात मोर होता की फूल, याच्याशी मागाला कर्तव्य नसते. एक छिद्र इकडचे तिकडे झाले, तर माग तक्रार करीत नाही. चुकलेली नक्षी तो तितक्याच इमानाने विणत राहतो.

संगणकाचा शोधही असाच आहे. तुमच्या मनात काय आहे हे त्याला कळत नाही. तुम्ही टाइप केलेली खूण आणि नोंद करणाऱ्याने टाइप केलेली खूण जुळते का, एवढेच तो पाहतो.

मग 'शेतकऱ्याचा असूड' का जुळले नाही? आम्ही दाखल क्रमांकावरून त्या पुस्तकाची नोंद उघडली. नोंद होती. शीर्षकही होते. वाचायला अगदी बरोबर होते.

डोळ्यांना एक, संगणकाला तीन

संगणक अक्षरे साठवत नाही, आकडे साठवतो. कोणत्या अक्षराला कोणता आकडा, हे ठरवणारी 'युनिकोड' ही जागतिक पद्धत १९९१ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात देवनागरीसाठी २३०४ ते २४३१ असे १२८ क्रमांक राखून ठेवलेले आहेत. 'र' चा क्रमांक २३५२, 'य' चा २३५१, काना २३६६, पाय मोडण्याची खूण म्हणजे हलन्त २३८१.

आता 'शेतकऱ्याचा' या शब्दातील 'ऱ्या' पाहा. मराठीतला हा अर्ध्या र चा खास आकार आहे. 'सूर्य' मध्ये र वर जातो, 'दुसऱ्या' मध्ये तो आडवा होतो. हा 'ऱ्या' संगणकात निदान तीन प्रकारांनी लिहिला जातो :

पहिला प्रकार : २३५३, २३८१, २३५१, २३६६. येथे २३५३ हा 'ऱ' या वेगळ्या अक्षराचा क्रमांक आहे.

दुसरा प्रकार : २३५२, २३६४, २३८१, २३५१, २३६६. येथे साधा र घेऊन त्याखाली नुक्ता, म्हणजे टिंब (२३६४) दिले आहे.

तिसरा प्रकार : २३५२, २३८१, ८२०५, २३५१, २३६६. येथे साधा र, त्याचा पाय मोडलेला आणि पुढे ८२०५ हे एक अदृश्य जोडचिन्ह आहे.

तिन्ही प्रकार पडद्यावर बहुधा सारखेच दिसतात. कोणता प्रकार उमटेल, हे तुमचा कळफलक कोणता आणि प्रणाली कोणती यावर ठरते. टाइप करणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो. आमच्या नोंदीत तिसरा प्रकार होता, मुलीने टाइप केला तो पहिला. आकडे जुळले नाहीत, म्हणून उत्तर आले शून्य.

यांपैकी पहिला आणि दुसरा प्रकार समान मानावेत, असे युनिकोडच्या नियमांतच सांगितलेले आहे. चांगली प्रणाली तुलना करण्यापूर्वी त्यांना एकरूप करून घेते. तिसरा प्रकार मात्र त्या नियमात बसत नाही. त्यासाठी प्रणालीला वेगळी सूचना द्यावी लागते. आमच्याकडे ती दिलेली नव्हती.

ती नोंद कोणी केली होती? आमच्याच हस्ताक्षरातील दाखल नोंदवहीवरून, आम्हीच. यंत्राला दोष देण्याची आमची तयारी झाली होती आणि चूक सापडली ती आमच्या बोटांत. तीही अशी, की नीट वाचून तपासले असते तरी दिसली नसती.

चोवीस पर्याय

एवढ्यावर भागत नाही. या पुस्तकाचे नाव 'असूड' असेही छापलेले आढळते आणि 'आसूड' असेही. लेखकाचे नाव जोतीराव, जोतिराव, ज्योतिराव, ज्योतीराव असे चार प्रकारांनी लिहिलेले दिसते. आता गणित करा. 'ऱ्या' चे ३ प्रकार, 'असूड' चे २, नावाचे ४. म्हणजे ३ × २ × ४ = २४. १८८३ सालच्या एकाच पुस्तकाची नोंद चोवीस वेगवेगळ्या रूपांत होऊ शकते आणि वाचक त्यांतले कोणतेही एक रूप टाइप करू शकतो. 'महात्मा फुले' आणि 'जोतिबा' तर आम्ही मोजलेच नाहीत.

जुन्या मराठी पुस्तकांत अडचण आणखी वाढते. १९६२ मध्ये शुद्धलेखनाचे नवे नियम आले आणि उच्चार न होणारे अनेक अनुस्वार गेले. त्याआधीच्या पुस्तकावर 'कांहीं' छापलेले असते, आजचा विद्यार्थी 'काही' टाइप करतो. दोघेही आपापल्या काळाच्या नियमाप्रमाणे बरोबर असतात. मधल्या मध्ये पुस्तक हरवते.

गावांच्या नावांचेही तसेच. मे १९३० मध्ये सोलापुरात लष्करी कायदा पुकारला गेला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, अब्दुल रसूल कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना फाशी देण्यात आले. हा आमच्या शहराचा इतिहास. शाळांतील प्रकल्पांसाठी मुले हा विषय वारंवार घेतात. आंतरजालावर ती रोमन लिपीत आजचे 'सोलापूर' टाइप करतात. पण इंग्रजी अमदानीतील कागदपत्रांत शहराचे नाव 'शोलापूर' असे, म्हणजे एस नंतर एच घालून लिहिलेले आहे. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा सोलापूरवरील विसावा खंड १८८४ मध्ये निघाला. त्यावरही नाव 'शोलापूर' असेच आहे. एक एच घातला, की दडलेले कितीतरी साहित्य समोर येते. न घातल्यास मुलाची समजूत होते, की आपल्या गावावर कोणी फारसे लिहिलेच नाही.

सर्वांत बोलके उदाहरण डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे. १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात त्यांचा जन्म झाला. १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टरांचे पथक चीनला गेले, त्यात ते होते. ९ डिसेंबर १९४२ रोजी चीनमध्येच त्यांचे निधन झाले. चिनी लोक त्यांना 'के दीहुआ' या नावाने ओळखतात. म्हणजे त्यांच्याविषयी चिनी भाषेत जे काही लिहिले गेले, ते 'कोटणीस' असा शोध घेणाऱ्याला मिळणे कठीण. माणूस एक, पण सूचीच्या दृष्टीने दोन.

जुन्या खणातील 'पाहा'

येथे आम्हाला आमचे जुने लाकडी खण आठवले. त्या कार्डांत काही कार्डे अशी असत, की त्यांवर कोणत्याही पुस्तकाची माहिती नसे. फक्त एवढेच लिहिलेले असे : 'जोतिबा — पाहा : फुले, जोतीराव'. वाचक कोणत्याही नावाने आला, तरी त्याला योग्य जागी नेऊन सोडणारी ती पाटी होती. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातील मराठी ग्रंथांची सूची केली आणि पुढे १९३८ ते १९५० या काळाची. संगणकाचे नावही नसताना झालेल्या अशा कामातून सूचीकाराची खरी मेहनत दिसते. पुस्तकांची यादी करणे हे त्याचे अर्धे काम. वाचक कोणत्या वाटेने येईल, याचा विचार करणे हे उरलेले अर्धे.

आमच्या कार्डांवरून संगणकात नोंदी भरताना पुस्तकांची कार्डे तेवढी भरली गेली. 'पाहा' ची कार्डे कोणी भरली नाहीत, कारण त्यांना दाखल क्रमांक नव्हता. खण रद्दीत गेले, त्यांच्याबरोबर त्या पाट्याही गेल्या.

खरे तर संगणकात ही सोय कार्डांपेक्षा फार चांगली होते. एका लेखकाचे एक प्रमाण नाव ठरवायचे, त्याची सगळी पर्यायी रूपे त्याखाली नोंदवायची, की कोणत्याही रूपाने शोध घेतला तरी सगळी पुस्तके मिळतात. जगातील अनेक राष्ट्रीय ग्रंथालयांच्या अशा नामसूची 'व्हायफ' या नावाच्या आंतरराष्ट्रीय सूचीत एकमेकींना जोडलेल्या आहेत. 'कोहा' सारख्या प्रणालीतही यासाठी वेगळा विभाग असतो. आमच्याकडे तो विभाग होता, पण रिकामा होता.

पडदा काय दाखवत नाही?

आता मुद्द्याची गोष्ट. शोधाची परीक्षा दोन मापांनी करतात. समजा, ग्रंथालयात एखाद्या विषयावर खरोखर १० पुस्तके आहेत. आपण शोध घेतला आणि ८ नोंदी आल्या. त्यांतल्या ६ त्या विषयाच्या होत्या, २ भलत्याच. सापडलेल्यांपैकी कामाच्या किती? ८ पैकी ६, म्हणजे ७५ टक्के. याला आपण 'नेमकेपणा' म्हणू. असलेल्यांपैकी सापडल्या किती? १० पैकी ६, म्हणजे ६० टक्के. याला 'पुरेपणा' म्हणू.

या दोन मापांत एक मोठा फरक आहे. नेमकेपणा पडद्याकडे पाहून कळतो. आठ नोंदी वाचा, भलत्या दोन बाजूला काढा. पण पुरेपणा पडद्याकडे कितीही वेळ पाहिले तरी कळत नाही. न सापडलेली ४ पुस्तके पडद्यावर नसतातच. 'आणखी चार आहेत, पण मला जुळली नाहीत' असे संगणक कधीच सांगत नाही. तो म्हणतो '८ नोंदी' आणि आपण समजतो, की एवढेच आहे.

मग पुरेपणा मोजायचा कसा? त्यासाठी दुसऱ्या बाजूने यावे लागते. पडद्यावरून कपाटाकडे न जाता कपाटाकडून पडद्याकडे. आम्ही असेच केले. वेगवेगळ्या कपाटांतून, न निवडता, पुस्तके काढली. नाव मोठ्याने वाचले आणि आमच्यातल्या दुसऱ्याने ते ऐकून, मुखपृष्ठ न पाहता, टाइप केले. सापडले तर एका बाजूला, न सापडले तर दुसऱ्या बाजूला. दुसरा ढीग आम्हाला वाटला होता त्याहून मोठा झाला. त्यातल्या काही पुस्तकांच्या तारखेच्या चिठ्ठीवर संगणक आल्यानंतरचा एकही शिक्का नव्हता.

ही बाब साधी नाही. डॉ. शि. रा. रंगनाथन हे मूळचे मद्रासचे गणिताचे अध्यापक. १९३१ मध्ये त्यांनी ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली. त्यांतले तिसरे सूत्र, प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळावा, असे आहे. जे पुस्तक वर्षानुवर्षे कोणी नेत नाही, ते पुढे कधीतरी 'निरुपयोगी' म्हणून बाद करण्याच्या यादीत जाते. कोणी नेत नाही, कारण कोणाला सापडत नाही. सापडत नाही, कारण एक अदृश्य जोडचिन्ह. असे एखादे पुस्तक बाद झाले, तर पुढच्या वाचकाला '० नोंदी' हे उत्तर खरोखरच बरोबर मिळेल.

उलट्या दिशेची चूक

२००६ मध्ये अमेरिकेतील शार्लट शहराच्या सार्वजनिक ग्रंथालयात हेलन ब्लोअर्स यांनी कर्मचाऱ्यांसाठी एक उपक्रम आखला. आंतरजालावरील नव्या साधनांच्या २३ छोट्या कृती ज्याने त्याने स्वतः, आपल्या सवडीने करून पाहायच्या. तो 'तेवीस गोष्टी' या नावाने अनेक देशांत पसरला. व्याख्यान ऐकून साधन शिकता येत नाही, त्याच्याशी थोडे खेळावे लागते, हा त्यामागचा विचार. आम्हीही आठवड्याला एक साधन असे ठरवले.

त्यातून आमचा बराच पूर्वग्रह दूर झाला, हे कबूल केले पाहिजे. जे गॅझेटियर पाहण्यासाठी एके काळी मोठ्या ग्रंथालयात जावे लागे, ते इंटरनेट आर्काइव्हवर घरबसल्या वाचता येते. 'शोधगंगा' या इन्फ्लिबनेटच्या संग्रहात देशभरातील विद्यापीठांचे प्रबंध आहेत. कार्डांच्या खणात शीर्षकाच्या मधल्या शब्दावरून पुस्तक शोधता येत नसे, आता येते. सोलापुरात मराठीबरोबर कन्नड, तेलुगू आणि उर्दू वाचणारे वाचक आहेत. चार लिप्यांची पुस्तके एकाच सूचीत शोधण्याची सोय कार्डांत कधीच झाली नसती.

मग आली प्रश्नांना संभाषणात उत्तरे देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने. अशा एका साधनाला आम्ही सोलापूरच्या १९३० च्या लष्करी कायद्यावरील मराठी पुस्तके विचारली. लगेच सुबक यादी आली : लेखक, शीर्षक, प्रकाशक, वर्ष. आम्ही एकेक नोंद तपासू लागलो, तेव्हा यादीतील काही पुस्तकांचा माग आम्हाला कोणत्याही सूचीत लागला नाही.

याचे कारणही कार्यपद्धतीतच आहे. हे साधन मुळात नोंदींच्या यादीत शब्द जुळवत नाही. अफाट मजकुरावरून शिकलेल्या शब्दांच्या सवयीवरून, पुढे कोणता शब्द येणे संभवनीय आहे, हे ते ठरवत जाते. पुस्तकाची नोंद कशी दिसते हे त्याला छान ठाऊक असते. ते पुस्तक कोठे आहे का, हे मात्र वेगळे तपासून पाहावे लागते. जून २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या एका न्यायालयाने दोन वकिलांना आणि त्यांच्या संस्थेला मिळून ५००० डॉलर दंड केला, तो यामुळेच. अशा साधनाने रचलेले, कधीच न झालेले खटले त्यांनी आधार म्हणून न्यायालयापुढे ठेवले होते.

म्हणजे दोन साधनांच्या चुका उलट्या दिशेच्या आहेत. ग्रंथालयाची सूची चुकते, तेव्हा असलेल्या पुस्तकाला 'नाही' म्हणते. संभाषणाचे साधन चुकते, तेव्हा नसलेल्या पुस्तकाला 'आहे' म्हणते. पहिलीचे 'आहे' विश्वासार्ह, दुसऱ्याचे 'आहे' तपासून घेण्याजोगे. आणि 'नाही' मात्र दोघांचेही पडताळून पाहावे असे. कोणत्या साधनाच्या कोणत्या उत्तरावर किती भरवसा ठेवायचा, हे ते कसे काम करते यावरून ठरवता येते. नुसता संशय घेऊन ते ठरत नाही. आमच्या संशयाची जागा बदलली, असे आम्ही सुरुवातीला म्हटले ते याच अर्थाने.

वर्गात करून पाहता येईल

शिक्षकांसाठी तीन सोपे प्रयोग सुचवतो. पहिल्याला संगणकही लागत नाही.

एक : वर्गाला पाच जुन्या पुस्तकांची शीर्षके आणि लेखकांची नावे फक्त तोंडी सांगा. प्रत्येकाने ती लिहावीत, शेजाऱ्याचे पाहू नये. मग फळ्यावर एकेका नावाची किती वेगळी रूपे झाली ते मोजा. कोण चुकले हे पाहू नका. प्रत्येक रूप म्हणजे एक वाचक, आणि नोंद यांतल्या एकाच रूपात आहे, हे मुलांच्या लक्षात आणून द्या.

दोन : शाळेच्या कपाटातून न निवडता वीस पुस्तके काढा आणि ती शाळेच्या सूचीत किंवा दाखल नोंदवहीत सापडतात का पाहा. न सापडलेल्यांचे टक्के काढा. मग चर्चा करा : फक्त सूची पाहून हा आकडा काढता आला असता का?

तीन : मोठ्या मुलांना संभाषणाच्या साधनाकडून एखाद्या विषयावरील दहा पुस्तकांची यादी घ्यायला सांगा. प्रत्येक पुस्तक दोन स्वतंत्र सूचींत पडताळून 'सापडले' किंवा 'अजून सापडले नाही' असे लिहायला सांगा. 'नाही' असे लिहू देऊ नका. हा शब्दाचा खेळ नाही. पुरावा न मिळणे आणि अभाव सिद्ध होणे यांतला फरक विज्ञानाच्या प्रत्येक शाखेत लागतो, मग ती आकाशातील नव्या ग्रहाची गोष्ट असो की जंगलात न दिसलेल्या प्राण्याची.

आता आमच्या संगणकाशेजारी एक साधी वही ठेवलेली आहे. ज्याला '० नोंदी' असे उत्तर मिळेल, त्याने आपण काय टाइप केले ते त्या वहीत लिहायचे. आठवड्यातून एकदा आम्ही ती वही घेऊन मामांजवळ बसतो. ते सांगतात, "हे दुसऱ्या नावानं आहे," "हे बांधणीला गेलं होतं," "हे आपल्याकडे कधीच नव्हतं." जे दुसऱ्या नावाने असते, ते नाव त्या नोंदीला जोडले जाते. मामा पुढच्या वर्षी निवृत्त होणार आहेत. तोपर्यंत त्यांच्या डोक्यातली 'पाहा' ची जितकी कार्डे उतरवून घेता येतील, तितकी आम्हाला हवी आहेत.